बॉथेलमधील आमचे गळके धुराडे आणि एका चिमणी-सेवेचा वर्षभराचा अनुभव

सिएटलच्या उत्तरेला बॉथेल येथे १९६८ साली बांधलेले आमचे घर आहे. त्याच्या नैर्ऋत्येकडील भिंतीला बाहेरून टेकून विटांचे धुराडे उभे आहे आणि आत दिवाणखान्यात लाकडावर चालणारी जुन्या पद्धतीची फायरप्लेस आहे. तिची साफसफाई, तपासणी आणि गवंडीकाम एका छोट्या चिमणी-सेवा कंपनीने जानेवारी ते ऑगस्ट २०२५ या काळात तीन टप्प्यांत केले; हा तिच्याविषयीचा अभिप्राय. मालक स्वतः छपरावर चढतो आणि त्याच्यासोबत एक गवंडी असतो. एवढाच त्यांचा पसारा. सर्व मिळून सुमारे ६,४०० डॉलर खर्च आला, त्यावर विक्रीकर वेगळा. काम संपल्यावर लगेच अभिप्राय लिहिण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण धुराड्याच्या दुरुस्तीची परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. आता एक पूर्ण पावसाळी हंगाम उलटला आहे, म्हणून लिहीत आहे.

दुखणे जुने होते, पण ते उघडे पडले नोव्हेंबर २०२४ च्या वादळात. १९ तारखेच्या रात्री पश्चिम वॉशिंग्टनमधील लाखो घरांची वीज गेली आणि आमच्याकडे ती तीन दिवस आली नाही. घर गरम ठेवणारी गॅसची भट्टीसुद्धा तिचा पंखा विजेवर फिरत असल्यामुळे बंद पडते, हे त्या रात्री कळले. एरवी दिवाळीच्या फराळापुरती आणि नाताळच्या सुट्टीत चार-दोन वेळा पेटणारी फायरप्लेस त्या वेळी घरातील उबेचे एकमेव साधन ठरली. आग उत्तम पेटली. मात्र दुसऱ्या दिवशी फायरप्लेसच्या उजव्या अंगाला, फळीच्या वर, हातभर ओल उमटली. डॅम्परची, म्हणजे धुराचा मार्ग उघडण्या-मिटण्याची, ओतीव लोखंडी झडप गंजून अर्ध्यावर अडकलेली होती, आतील विटांवर पांढरा लोणा फुटला होता आणि भिजलेल्या काजळीचा आंबूस, जळका वास पडद्यांत मुरला होता. त्या वेळी आमच्याकडे आलेली माझी आई देवरुखकडची आहे. चुलीच्या धुरात तिचे बालपण गेले. परंतु धुराचा मार्गच गळतो, हा प्रकार तिलाही नवीन होता.

येथे थोडे मागे जावे लागेल. विटांचे पोपडे निघू लागले म्हणून २०२२ मध्ये आम्ही एका दुसऱ्या ठेकेदाराला बोलावले होते. त्याने अर्ध्या दिवसात संपूर्ण धुराड्याला बाहेरून चकचकीत जलरोधक लेप दिला आणि जाताना, आतून पोलादी नळी घालून घ्यावीच लागेल, असे सांगून सात हजार डॉलरचा अंदाज हाती ठेवला. लेप दिल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात विटांचे तोंड आधीपेक्षा अधिक वेगाने निखळू लागले आणि गुलाबाच्या ताटव्यात लाल भुकटीचा सडा पडू लागला. जलरोधक लेपानंतर ओल वाढते कशी, हे कोडे आम्हाला तेव्हा उलगडले नाही.

ते उलगडण्यासाठी येथील पाऊस समजून घ्यावा लागतो. सिएटलमध्ये वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. मुंबईकर माणूस हा आकडा ऐकून हसतो, आणि आम्हीही हसलो होतो. फरक असा, की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून निघून जातो आणि नंतर आठ महिने विटा तापत, वाळत राहतात. येथे तोच निम्म्याहून कमी पाऊस सुमारे दीडशे दिवसांत भुरभुरत पडतो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ऊन अशक्त असते आणि एकदा भिजलेली वीट वाळण्यापूर्वीच पुन्हा भिजते. त्यातच काही रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो. विटेत मुरलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि विटेचा पुढचा पापुद्रा ढकलून देतो. वादळे बहुधा दक्षिण व नैर्ऋत्य दिशेने येत असल्यामुळे आमच्या धुराड्याची झडीकडील बाजू सर्वांत अधिक झिजली होती आणि उत्तरेकडील बाजूला हिरवेगार शेवाळ होते. कोकणात पावसाआधी पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधतात, ते कशासाठी, हे देशावरच्या माणसाला सांगावे लागते. येथील घरमालकालाही धुराड्याविषयी तसेच सांगावे लागते.

आता मूळ विषयाकडे येते. कंपनी निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या. वॉशिंग्टन राज्याच्या कामगार व उद्योग विभागाच्या संकेतस्थळावर ठेकेदाराची नोंदणी, हमीची रक्कम आणि विमा चालू आहे का, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे यांची नोंद स्वच्छ होती. शिवाय मालकाकडे चिमणी-सफाईचे रीतसर प्रमाणपत्र होते. फोनवर त्याने दर सांगण्याआधी प्रश्न विचारले, आणि तेथेच माझे मत निम्मे तयार झाले. ओल पावसासोबत दिसते की पावसानंतर एका दिवसाने? वास कोणत्या महिन्यात येतो? धूर खोलीत कधी परततो, आणि परवा वीज नसताना परतला होता का? शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. धूर खोलीत येण्याची तक्रार आमची होतीच, पण वादळाच्या तीन दिवसांत एकदाही धूर आला नव्हता, हे मला तो प्रश्न ऐकल्यावर प्रथमच जाणवले.

पहिली भेट मिळायला मात्र सात आठवडे लागले. वादळानंतर सर्वांनाच धुराड्याची आठवण झाली होती, त्यामुळे हा उशीर मी समजू शकते. परंतु ठरलेली तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि दोन्ही वेळा निरोप आदल्या रात्री आला, हे नीट झाले नाही.

जानेवारीतील भेट साडेतीन तासांची होती. आधी गालिच्यावर जाड चादरी अंथरल्या, फायरप्लेसच्या तोंडाला पडदा लावला, काजळी खेचणारे यंत्र चालू केले आणि मग सळईला जोडलेला ब्रश धुराड्याच्या आतील धुराच्या नळीतून फिरवला. काम संपल्यावर पांढऱ्या सोफ्यावर बोट फिरवून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. बोट स्वच्छ निघाले. काजळीचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास पोहोचला की सफाई करावी, असा या व्यवसायातील संकेत आहे. आमच्या नळीत काही ठिकाणी त्याच्या दुप्पट थर होता आणि माथ्याजवळ तो डांबरासारखा चमकदार झाला होता. असा थरच पुढे धुराड्याच्या आगीला कारण ठरतो. त्याचे मूळ मालकाने धुराड्यात न शोधता लाकडाच्या ढिगात शोधले. निळ्या ताडपत्रीखाली चारही बाजूंनी गुंडाळून ठेवलेल्या आमच्या आल्डर आणि डग्लस फरच्या ओंडक्यांपैकी एक त्याने फोडायला लावला आणि आतील ताज्या भागात ओल मोजण्याचे यंत्र टोचले. आकडा आला ३१ टक्के. जळाऊ लाकडात तो २० टक्क्यांच्या आत हवा. ताडपत्री फक्त वरून घालावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात, खाली फळ्या टाकून ढीग जमिनीपासून उचलावा आणि फोडलेले लाकूड निदान एक उन्हाळा वाऱ्यावर ठेवावे, हे त्याने सांगितले. कोकणातील कोणत्याही घरात बेगमीची लाकडे अशीच रचतात. आम्ही मात्र ती पार्सलासारखी बांधून ठेवली होती.

त्यानंतर कॅमेरा. या देशातील अग्निसुरक्षा संहितेनुसार धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. घराची खरेदी-विक्री होताना किंवा भूकंपासारखी घटना घडल्यावर दुसऱ्या पायरीची, म्हणजे नळीच्या आतून चित्रण करून करावयाची तपासणी अपेक्षित असते. आम्ही घर घेतले तेव्हा ती कोणीही केली नव्हती. कॅमेऱ्यात दिसले, की भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे अस्तर शाबूत आहे, एकही नळी तडकलेली नाही. मात्र पोटमाळ्याच्या उंचीवर दोन नळ्यांमधील एका सांध्याचा मसाला निघून गेला आहे. २८ फेब्रुवारी २००१ च्या ६.८ क्षमतेच्या निस्क्वाली भूकंपात या परिसरातील पुष्कळ धुराडी पडली किंवा हलली. हे नुकसान त्या वेळचे असू शकते, पण खात्रीने सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. 'सांगता येणार नाही' हे शब्द ठेकेदाराच्या तोंडून ऐकण्याची मला सवय नव्हती. पोलादी नळीची गरज आहे का, असे मी विचारले. सध्या नाही, सांधा उष्णतारोधक मसाल्याने भरून घ्यावा आणि दरवर्षी कॅमेऱ्याने पाहावा, असे उत्तर आले. सात हजार डॉलरचे काम मिळत असताना सहाशेचे काम सुचवणाऱ्या माणसावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

धुराचा उलगडा या संपूर्ण अनुभवातील सर्वांत रंजक भाग ठरला. त्याने मला स्वयंपाकघरातील गॅसवरचा धूर खेचणारा हुड पूर्ण वेगाने चालू करण्यास सांगितले आणि फायरप्लेसच्या तोंडाशी धुराची एक बारीक कांडी धरली. कांडीचा धूर वर जाण्याऐवजी वाकून खोलीत आला. हुड बंद केल्यावर तो सरळ वर गेला. २०१९ मध्ये आम्ही खिडक्या बदलल्या आणि हा ताकदवान हुड बसवला, कारण रोजची फोडणी आणि मिरची भाजणे लहान पंख्याला झेपत नव्हते. घट्ट बंद घरातून हुड जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कोठून तरी आत यावीच लागते, आणि सर्वांत मोठे उघडे भोक म्हणजे धुराडे. त्यातच बाहेरच्या भिंतीवरचे धुराडे थंडगार असल्यामुळे त्यातील जड हवा खाली उतरायला तयारच असते. पाहुणे आले की आम्ही एकीकडे फायरप्लेस पेटवत होतो, दुसरीकडे वडे तळत होतो आणि दोष धुराड्याला देत होतो. वीज नव्हती तेव्हा हुड बंद होता, म्हणून धूर सुरळीत गेला. उपाय फुकट निघाला: तळण आणि आग एकाच वेळी चालू ठेवायचे नाही, ठेवायचेच असेल तर फायरप्लेसजवळची खिडकी दोन बोटे उघडायची, आणि पेटवण्यापूर्वी कागदाची पेटती सुरळी डॅम्परखाली धरून नळी ऊबदार करून घ्यायची. याच्याच जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या खोल्यांबाहेर चालू आहे ना, हे त्याने स्वतः बटण दाबून पाहिले. आमच्याकडील तीनपैकी एकाची मुदत संपलेली होती.

पाण्याचा शोध मात्र जुलैपर्यंत थांबला. जानेवारीत विटा आधीच चिंब असल्यामुळे पाणी नेमके कोठून येते हे कळणार नाही, आणि ओल्या विटांवर केलेले काम टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तोपर्यंत माथ्यावर तात्पुरते आच्छादन बांधले. ते मार्चच्या वाऱ्यात सुटून शेजाऱ्यांच्या अंगणात पडले आणि ते पुन्हा बांधायला हे लोक नऊ दिवसांनी आले. सुदैवाने शेजारी सज्जन आहेत.

जुलैत धुराडे कोरडे झाल्यावर त्याने बागेच्या पाइपने चाचणी घेतली. पाणी आधी छपराच्या खालच्या कडेशी, मग थोडे वर, मग भिंतीवर आणि अखेरीस माथ्यावर, अशा क्रमाने सोडले आणि प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबून पोटमाळ्यात टॉर्च घेऊन पाहिले. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडून ओघळले असते आणि काहीच कळले नसते. दोन दोषी सापडले. पहिला म्हणजे माथ्यावरचा सिमेंटचा उतार, ज्याला येथे क्राऊन म्हणतात. तो विटा लावण्याच्या साध्या मसाल्याचा पातळ थर होता, विटांच्या कडेशी संपत होता आणि त्याला नखभर रुंदीची चीर होती. दुसरा दोष छपराच्या चढाकडील बाजूला होता. आमचे धुराडे पाच फूट रुंद आहे. तीस इंचांहून रुंद धुराड्यामागे पाणी दोन्ही बाजूंना वळवणारा छोटा उतरता कोन बांधावा, असा बांधकामाचा नियम आहे. आमच्याकडे तो नव्हता. तेथे देवदारवर्गीय झाडांच्या सुया साचून ओल्या गादीसारखा थर झाला होता आणि त्याखालचे फ्लॅशिंग, म्हणजे छप्पर आणि धुराडे यांचा सांधा झाकणारा पत्रा, कुजून त्याची चाळण झाली होती.

२०२२ च्या लेपाचे कोडेही येथे सुटले. पाणी वरून, चिरेतून आत शिरत होते. बाहेरच्या लेपामुळे ते विटेतून वाफ होऊन बाहेर पडू शकत नव्हते. लेप म्हणजे आतून गळणाऱ्या पिशवीला बाहेरून मारलेली गाठ ठरली होती. तो काढण्यासाठी वाळूचा मारा करण्यास यांनी नकार दिला, कारण त्याने विटेची भाजलेली कठीण साल निघून जाते आणि आतील मऊ भाग उघडा पडतो. रसायन लावून, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन जेवढा निघाला तेवढा काढला. काही जागी चट्टे राहिले आहेत. ३८ विटा बदलल्या. सुटलेल्या दर्जा, म्हणजे विटांमधील सांधे, पाऊण इंच खोल खरवडून नव्याने भरल्या आणि त्यासाठी विटेहून मऊ मसाला वापरला. माझ्या वडिलांनी गावच्या चिऱ्याच्या घराला सिमेंटच्या दर्जा भरू पाहणाऱ्या गवंड्याशी घातलेला वाद मला आठवला; मसाला कठीण झाला की झीज दगडाकडे वळते, हेच ते सांगत होते.

क्राऊन पूर्ण तोडून काँक्रीटचा नवा ओतला. तो विटांच्या दोन इंच बाहेर येतो आणि खालच्या अंगाला पागोळी तोडणारी खाच आहे, त्यामुळे पाणी भिंतीवरून ओघळण्याऐवजी खाली टपकते. नळी आणि क्राऊन यांमध्ये लवचीक सांधा ठेवला आहे, कारण तापल्यावर नळी वाढते. मागील कोन बांधला, फ्लॅशिंग दोन थरांत बसवून वरचा थर दर्जांत अडकवला, स्टेनलेस स्टीलची जाळीदार टोपी घातली. जाळी मुद्दाम फार बारीक घेतली नाही. बारीक जाळी ओल्या काजळीने बुजते. गंजलेल्या डॅम्परऐवजी नळीच्या माथ्यावर रबरी कडेचे झाकण बसवले, जे खालून साखळीने ओढता येते. नव्या मसाल्याला महिनाभर मुरू देऊन ऑगस्टच्या अखेरीस वाफ बाहेर जाऊ देणारे सिलोक्सेनचे द्रावण फवारले. त्याने विटेवर चमक येत नाही. फवारलेले आहे हे पाहून कळतही नाही. पाणी मात्र थेंब होऊन घरंगळते.

आता तक्रारी. बदललेल्या विटांचा रंग जुळलेला नाही. रस्त्यावरून पाहिले तर धुराड्याला गोवर आल्यासारखे दिसते. जुन्या विटा विकणाऱ्या दुकानात शोध घेऊ, असे मे महिन्यात सांगितले होते, प्रत्यक्षात घेतला की नाही हे मला शेवटपर्यंत समजले नाही. तपासणीचा अहवाल तीस छायाचित्रांचा आहे, पण कोणते छायाचित्र कोणत्या उंचीवरचे, याची नोंद निम्म्या ठिकाणी नाही. विमा कंपनीने मागितल्यावर मला फोन करून एकेक विचारावे लागले. कोनाचे काम मूळ अंदाजात नव्हते आणि त्याचे ९०० डॉलर तोंडी सांगून वाढवले. रक्कम वाजवी होती, तरी ती लेखी यायला हवी होती. आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपावर मसाल्याचे गोळे पडले, ते त्यांनी झाडून नेले नाहीत.

या हिवाळ्यातील निकाल असा: ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात हमखास येणारा वास आला नाही. फळीवरची ओल परतली नाही. मी भिंतीवर पेन्सिलीने तिची जुनी कड आखून ठेवली होती आणि दर रविवारी पाहत होते. नोव्हेंबरात आतील विटांवर लोणा एकदा पातळसा फुटला. भिंत वाळताना आतील क्षार बाहेर येतात, तेव्हा तो ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या ब्रशने झाडा, असे त्यांनी आधीच सांगितले होते. तसे केले आणि नंतर तो दिसला नाही. हंगाम संपताच राख काढून टाकण्याचीही शिस्त लावून घेतली आहे, कारण राख हवेतील ओल धरते आणि तिच्या खाराने लोखंड खाल्ले जाते.

हा अनुभव विटांच्या धुराड्याचा आहे. १९८० नंतरच्या अनेक घरांत लाकडी चौकटीतून जाणारी धातूची नळी असते आणि तिच्या वरच्या पत्र्याच्या झाकणाला गंज चढतो. भिंतीवर तांबूस ओघळ दिसले तर आधी ते झाकण पाहावे. अशा घरांसाठी यांचा गवंडी कामाचा नाही. आठवड्याभरात माणूस हवा असेल त्यांनीही येथे फोन करू नये. शिवाय येथे हिवाळ्यात हवा कोंडून प्रदूषण वाढले की हवा-नियंत्रण संस्था लाकूड जाळण्यावर बंदी जाहीर करते आणि पहिल्याच टप्प्यात आमच्यासारख्या उघड्या फायरप्लेसवर ती लागू होते. तेव्हा रोजच्या उबेसाठी एवढा खर्च करू पाहणाऱ्याने प्रमाणित बंद शेगडीचा विचार करावा. हे मला मालकानेच पहिल्या भेटीत सांगितले होते.

पाचपैकी चार तारे देत आहे. पुढील तपासणी १२ मे रोजी ठरली आहे, आणि या वेळी तारीख बदलायची असेल तर तीन दिवस आधी कळवावे, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतले आहे.